वाऱ्यात क्रेन चालवताना: नाशिकच्या बांधकाम साइटसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळा सरेपर्यंत नाशिकच्या साइटवर क्रेन आणि वारा याबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. कधी ऑपरेटर विचारतो, कधी मुकादम, कधी बिल्डर, तर कधी शेजारच्या सोसायटीतले लोक. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात आणि आसपास क्रेनही बऱ्याच दिसतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. तुमच्या क्रेनचं मॅन्युअल आणि लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन उचलता येतं याचा तक्ता) या पानापेक्षा मोठे. दोन्हींत फरक आढळला तर मॅन्युअल खरं माना.

वारा किती झाला की लिफ्टिंग थांबवायचं? एकच आकडा सांगा.

एक आकडा देता येत नाही. दोन आकडे लागतात, आणि त्यातला लहान असेल तो पाळायचा.

पहिला आकडा क्रेनचा. उघड्यावर काम करणाऱ्या नेहमीच्या क्रेनसाठी आयएसओ ४३०२ हे मानक चालू कामातला वारा २० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७२ किमी धरतं. फक्त हलक्या वाऱ्यात वापरायच्या क्रेनसाठी १४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५० किमी. बहुतेक टॉवर क्रेन ७२ च्या गटात येतात. मोबाइल क्रेनचे चार्ट त्याहून खूप कडक असतात. लांब बूम (क्रेनचा हात) आणि वर फ्लाय जिब (बूमच्या टोकाचा जोडहात) लावली की कित्येक मॉडेलांत मर्यादा ९ ते १० मीटर प्रति सेकंदावर, म्हणजे ताशी ३२ ते ३६ किमीवर येते.

दुसरा आकडा मालाचा, आणि तो चार्टवर छापलेला नसतो. माल किती रुंद आहे आणि किती हलका आहे, यावरून तो त्या दिवशी, त्या मालासाठी काढावा लागतो. साइटवर नेमका हाच आकडा काढायचा राहतो.

क्रेन ७२ पर्यंत चालते, मग शटरिंगचं (काँक्रीटच्या साच्याचं) पॅनेल चढवताना ४० लाच का थांबवता?

हिशोब करून पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: मीटर प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६१३, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी ३६ किमीला दर चौरस मीटरवर साधारण ६ किलोचा रेटा बसतो, ५० ला १२ किलोचा, आणि ७२ ला २५ किलोचा. म्हणजे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो.

आता ६ मीटर लांब आणि २.४ मीटर उंच भिंतीचं शटरिंग पॅनेल घ्या. क्षेत्रफळ १४.४ चौरस मीटर, वजन समजा ७०० किलो. सपाट पृष्ठभागासाठी १.२ हा आकारगुणक धरला तर ताशी ५० किमीच्या वाऱ्यात त्याच्यावर आडवा रेटा सुमारे २१० किलोचा येतो. २० मीटर दोरावर लटकलेलं हे पॅनेल सरळ रेषेपासून साडेपाच मीटरच्या पुढे ढकललं जातं. ताशी ३६ किमीला ते सुमारे तीन मीटर सरकतं. हे सगळं स्थिर वाऱ्याचं गणित आहे. झोत आला आणि गेला की पॅनेल झुलायला लागतं, आणि झुलताना ते याहूनही लांब जातं.

त्याच मापाचं १५० मिलिमीटर जाडीचं काँक्रीटचं प्रिकास्ट पॅनेल ५.४ टनांचं भरतं. रेटा तितकाच, पण ते जेमतेम पाऊण मीटर सरकतं. म्हणजे लोड चार्टच्या हिशोबात क्रेनला काहीच ओझं नसलेला हलका माल वाऱ्यात पतंगासारखा वागतो, आणि खालचा मुकादम मात्र ‘सातशे किलो तर आहे, घ्या उचलून’ म्हणत असतो. प्लायवुड, पत्रे, सोलर पॅनेल, काचा, रिकामी काँक्रीटची बकेट, पाण्याची रिकामी टाकी यांना कायम या यादीत धरा.

म्हणजे माल जड असला तर वाऱ्याची काळजी नको?

तसंही नाही. १४ जुलै १९९९ ला अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मिलर पार्क या बेसबॉल स्टेडियमच्या छताचा ४५० टनांहून जड तुकडा ‘बिग ब्लू’ नावाची अजस्र क्रेन उचलत होती. वारा जोरात होता. क्रेनवर येणाऱ्या वाऱ्याचा विचार झाला होता, पण छताच्या त्या प्रचंड तुकड्यावर येणारा वारा हिशोबात नीट धरलेला नव्हता. क्रेन कोसळली आणि शेजारच्या क्रेनला टांगलेल्या पाळण्यात उभे असलेले तीन कामगार गेले. तिथला वारा वादळी नव्हता. आपल्याकडे जुलैत दुपारी सर्रास वाहतो तशा जोराचाच होता.

जड माल लिफ्ट करताना क्रेन आधीच क्षमतेच्या जवळ असते. मग माल थोडाच सरकला तरी रेडियस (क्रेनच्या मध्यापासून मालापर्यंतचं आडवं अंतर) वाढते, आणि रेडियस वाढली की चार्टवरची क्षमता झपाट्याने उतरते. म्हणून वाऱ्याच्या दिवसांत क्षमतेच्या अगदी टोकाला जाणारं लिफ्टिंग ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पहाटे करा, किंवा मोठी क्रेन आणा.

वारा कुठल्या बाजूने येतो याने फरक पडतो का?

खूप. पाठीमागून आलेला वारा माल पुढे ढकलतो आणि रेडियस वाढवतो. समोरून आलेला वारा, बूम जवळजवळ उभा असेल आणि हुक रिकामा असेल तर, बूमलाच मागे लोटू शकतो. सगळ्यात वाईट बाजूचा वारा. बूम उभ्या ओझ्यासाठी बनवलेला असतो, आडव्या रेट्याला तो कमजोर असतो, आणि केबिनमधला लोड दाखवणारा डिस्प्ले हा आडवा ताण दाखवत नाही. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत असताना बूम वाकू शकतो.

नाशिकमध्ये जून ते सप्टेंबर वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. क्रेनची जागा ठरवताना हे आधीच कागदावर मांडता येतं. वळवाच्या वादळाला मात्र दिशा नसते.

मोबाइलवर हवामानाचं ॲप बघतो. तेवढं पुरतं का?

सकाळी दिवसाचं नियोजन करायला पुरतं. माल हुकला टांगलेला असताना पुरत नाही. ॲपमधला वेग सहसा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा, मोठ्या परिसराचा आणि सरासरी असतो. तुमचा बूम ६० मीटरवर आहे. तिथला वेग १० मीटरवरच्या साधारण सव्वा ते दीडपट असतो, म्हणजे रेटा दीडपट ते सव्वादोनपट. शिवाय झोताचा वेग सरासरीपेक्षा बराच जास्त असतो, आणि अपघात झोताने होतो.

म्हणून ॲनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं मीटर) हवंच, आणि ते बूमच्या किंवा टॉवरच्या टोकाला हवं. ऑफिसच्या कंटेनरवर बसवलेलं मीटर कंटेनरच्या छपरावरचा वारा सांगतं. बऱ्याच टॉवर क्रेनवर ५० ला इशारा आणि ७२ ला भोंगा अशी व्यवस्था असते. भोंगा सारखा वाजतो म्हणून त्याची वायर काढलेली दिसली, तर ती वायर जोडेपर्यंत क्रेन बंद ठेवा.

हवामान खात्याचा नाउकास्ट मात्र रोज बघा. पुढच्या तीन तासांचा जिल्हावार इशारा असतो आणि त्यात ‘ताशी ४० ते ५० किमी वेगाने वारे’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ‘मौसम’ ॲपवर तो मिळतो.

हातात मीटरच नसेल तर?

मोठं लिफ्टिंग मीटरशिवाय करू नका. छोट्या कामासाठी ब्यूफोर्ट मापपट्टीच्या खुणा लक्षात ठेवा. धूळ आणि कागद उडायला लागले तर वारा ताशी २० ते २८ किमी. छोटी झाडं पानांसकट डोलतात तेव्हा २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री सांभाळणं जड जातं तेव्हा ३९ ते ४९. अख्खी झाडं हलायला लागली की ५० च्या पुढे. या खुणा जमिनीवरच्या आहेत. वर बूमपाशी त्याहून जास्त आहे असं समजूनच निर्णय घ्या. छोटी झाडं डोलायला लागली की मोबाइल क्रेनवरचा सपाट माल खाली घेतलेला बरा.

नाशिकमध्ये सगळ्यात धोक्याचे महिने कोणते?

पावसाळ्याचा वारा जोरदार असला तरी तो सांगून येतो. दिवसभर वाहतो, दुपारी वाढतो, संध्याकाळी जरा उतरतो. गंगापूर धरणाच्या बाजूला, मखमलाबाद किंवा आडगावच्या मोकळ्या शिवारात, जिथे नव्या इमारतींच्या आजूबाजूला द्राक्षबागा आणि रिकामे प्लॉट आहेत, तिथे त्याला अडवणारं काही नसतं. जुन्या नाशकातल्या दाटीत तो कमी वाटतो, पण दोन उंच इमारतींच्या फटीतून निघताना अचानक जोर धरतो.

मला जास्त भीती एप्रिल-मेच्या वळवाची वाटते. दुपारपर्यंत काहिली असते, पान हलत नाही. चारच्या सुमारास आभाळ भरतं, मग एकदम थंड वाऱ्याचा लोट येतो आणि त्याच्यामागून पाऊस. ढगातून खाली आदळलेली थंड हवा जमिनीवर पसरते तो हा लोट, आणि तो पावसाच्या आधी काही मिनिटं पोहोचतो. शांत हवेतून सोसाट्याच्या वाऱ्यात जायला एवढाच वेळ मिळतो. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला होर्डिंग पडून १७ जण गेले, ते अशाच दुपारच्या वादळात. त्या महिन्यांत ढग काळे दिसले, गडगडाट ऐकू आला किंवा गरम हवेत अचानक गार झुळूक लागली, की नवा माल हुकला लावायचा नाही. हवेत असलेला माल जवळच्या मोकळ्या जागी उतरवायचा.

ऑक्टोबर ते मार्च तुलनेने सोपे, पण अवकाळी विसरू नका. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस निफाड पट्ट्यात गारपिटीने द्राक्षबागा झोपल्या होत्या. आणि ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकून पुढे आपल्या बाजूलाच सरकलं होतं. नाशिक समुद्रापासून लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

टॅगलाइन बांधली की वाऱ्यात चालेल ना?

टॅगलाइन म्हणजे मालाला बांधून खालून धरायचा दोर. तो माल गोल फिरू नये म्हणून असतो. वर हिशोब केलेला २१० किलोचा रेटा दोन माणसांनी दोर धरून थांबवता येत नाही. दोर धरणारे खलाशी दोरासकट ओढले जाताना दिसले, तर मर्यादा केव्हाच ओलांडलेली आहे. दोर हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळायचा नाही, गाठ मारायची नाही, आणि धरणाऱ्याच्या मागे स्लॅबची कड किंवा खड्डा नको. महावितरणच्या तारा जवळ असतील तर अंतर नेहमीपेक्षा वाढवा. वाऱ्यात तारही झुलते आणि मालही. दोर कोरडा आणि वीज वाहून न नेणारा हवा.

हायड्राने छोटं काम करायचं असेल तर एवढं सगळं बघायचं का?

हो. हायड्रा ही छोटी फिरती क्रेन माल घेऊन चालते, ती आउटरिगरवर (बाजूला पसरणाऱ्या आधारपायांवर) उभी नसते, आणि रस्ता सपाट नसतो. लांब माल आडवा धरून वाऱ्यात वळताना ती कलंडू शकते. माल जमिनीपासून शक्य तितका खाली ठेवा, बूम आखूड ठेवा, आणि शेजारी चालणाऱ्या हेल्परला मालाला हात लावून चालू देऊ नका.

अंबड, सातपूर, सिन्नरकडे शेडची कामं असतात. पत्र्यांचं काय?

पत्र्यांचा बंडल बांधलेला असताना तो जड आणि आटोपशीर असतो. धोका वर पोहोचल्यावर, बंडल सोडल्यानंतर सुरू होतो. वरचा पत्रा उचलला जातो आणि खाली माणसं असतात. जेवढे पत्रे त्या दिवशी स्क्रू होणार तेवढेच वर चढवा. सुट्टीच्या आधी उरलेला बंडल पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला) दोराने आवळून बांधा. वारा वाढत असेल तर आधी चढवणं थांबवा आणि बसवलेल्या पत्र्यांचे स्क्रू पूर्ण करा. ट्रस (छताची कैची) उभी करताना तात्पुरती ब्रेसिंग (आडवे-तिरपे आधार) लागण्याआधी क्रेनचा हुक सोडू नका. नुसती उभी ट्रस बाजूच्या वाऱ्यात टिकत नाही.

स्लॅबच्या दिवशी वारा सुटला तर? गाड्या रांगेत उभ्या असतात.

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. मिक्सरमधलं काँक्रीट थांबत नाही, बिल्डर फोनवर असतो, आणि ऑपरेटरवर सगळ्यांची नजर असते. त्या क्षणी घेतलेला निर्णय क्वचितच चांगला असतो, म्हणून तो आदल्या दिवशी घ्यायचा. पोअर (काँक्रीट ओतणं) अर्धवट थांबवावा लागला तर कन्स्ट्रक्शन जॉइंट (आधीच्या आणि नंतरच्या काँक्रीटमधला सांधा) कुठे घ्यायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशावर खूण करून घ्या. साधारणपणे गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात, जिथे शिअर (कापू पाहणारा ताण) कमी असतो तिथे तो घेतात. स्टॉपर प्लेट तयार ठेवा. प्लांटला सांगून ठेवा की गाड्या एकदम न सोडता फोन आल्यावर एकेक सोडायच्या. वळवाच्या महिन्यांत स्लॅब पहाटे सुरू करून दुपारच्या आत संपवा. पंपाच्या बूम प्लेसरलाही (काँक्रीट पोहोचवणाऱ्या लांब हातालाही) वाऱ्याची मर्यादा असते, क्रेन बंद करून पंप लावला म्हणजे सुटलो असं होत नाही.

थांबा म्हणायचा अधिकार कोणाचा?

ऑपरेटरचा, सिग्नलमनचा, आणि धोका दिसलेल्या कुणाचाही. पुन्हा सुरू करा म्हणायचा अधिकार मात्र एकाच माणसाचा: त्या लिफ्टिंगसाठी नेमलेल्या जबाबदार इंजिनिअरचा किंवा सुपरवायझरचा.

कागदावर हे सगळीकडे लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात आपल्याकडे क्रेन भाड्याची, ऑपरेटर क्रेनमालकाचा, मुकादम ठेकेदाराचा आणि घाई बिल्डरची. ऑपरेटर बहुतेक वेळा परगावचा पोरगा असतो. तो ‘साहेब, वारा जास्त आहे’ म्हणतो आणि समोरून उत्तर येतं, ‘काल दुसऱ्याने केलं, तुला काय झालं?’ त्याच्या जागी उभं राहून विचार करा. तो नाही कसा म्हणेल?

म्हणून नाही म्हणणं त्याच्या हिमतीवर सोडू नका. मालवार मर्यादा फळ्यावर लिहा आणि फळा क्रेनपाशी लावा: सळईचा बंडल इतका वेग, शटरिंग इतका, पत्रे इतका. मीटरने आकडा दाखवला की काम आपोआप थांबेल, कुणाला विचारायची गरज राहणार नाही. आणि भाड्याच्या करारात एक ओळ घाला, की वाऱ्यामुळे क्रेन उभी राहिली तर त्या तासांचं भाडं कसं धरायचं. ही ओळ नसली की क्रेनमालक आणि ठेकेदार दोघंही ऑपरेटरला ढकलतात. बिल्डर मंडळींना कळकळीने सांगणं आहे की हा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरा. पावसाळी महिन्यांत क्रेनचे काही तास वाया जाणारच आहेत.

माणसं पाळण्यातून वर न्यायची असतील तर?

दुसरा कुठलाही उपाय असेल तर तो करा. पर्यायच नसेल तर मर्यादा मालाहून खूप कमी धरा. अमेरिकेच्या नियमांत पाळण्यापाशी वारा ताशी २० मैलांच्या, म्हणजे ३२ किमीच्या वर गेला की जाणकार व्यक्तीने धोका नाही अशी खात्री केल्याशिवाय काम चालू ठेवता येत नाही. झोताच्या हवेत माणसं हुकवर नकोतच.

शिफ्ट संपली, वारा आहे. क्रेन तशीच उभी ठेवली तर?

११ सप्टेंबर २०१५ ला मक्केच्या मशिदीत वादळात क्रॉलर क्रेन कोसळली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. त्या वेळी क्रेन काम करत नव्हती. वापरात नसताना बूम खाली घ्यायचा, ही उत्पादकाची सूचना पाळली गेली नव्हती, असं चौकशीत समोर आलं. ५ फेब्रुवारी २०१६ ला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये वाऱ्यामुळे बूम खाली घेत असतानाच क्रेन पडली आणि रस्त्यावरचा एक माणूस गेला. दोन्ही घटना मिळून सांगतात की बूम खाली घ्यायचा, आणि वारा वाढायच्या आधी घ्यायचा. लांब बूम खाली घ्यायला वेळ लागतो आणि तेवढी मोकळी जागा लागते. ती जागा पहिल्या दिवसापासून राखून ठेवा, तिथे सळईचे ढीग पडू देऊ नका.

आमच्या सोसायटीशेजारची टॉवर क्रेन रात्री आपोआप फिरते. केबिनमध्ये कुणी नसतं. हा धोका नाही का?

उलट, ती फिरते आहे हेच बरोबर आहे. काम संपल्यावर ऑपरेटर स्लूइंगचा (गोल फिरण्याचा) ब्रेक मोकळा सोडतो, म्हणजे जिब (टॉवर क्रेनचा हात) वाऱ्याच्या दिशेने वळते आणि टॉवरवर कमीत कमी रेटा येतो. ब्रेक लावून ठेवलेली जिब वाऱ्याला आडवी उभी राहिली तर ते खरं धोक्याचं. हुक वर आणि टॉवरजवळ घेतलेला असावा आणि त्याला काहीही लटकलेलं नसावं. रात्री हुकला माल टांगलेला दिसला, किंवा वारा असूनही जिब जागची हलत नसेल, तर साइट इंजिनिअरला लगेच कळवा. पूर्ण फिरताना जिब एखाद्या उंच इमारतीला लागणार असेल तर क्रेन तिथे बसवायच्या आधीच त्याचा विचार व्हायला हवा होता, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी मूळ वारावेग ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किमीचा झोत. बंद अवस्थेतली क्रेन, तिचा पाया आणि इमारतीला बांधलेले टाय तो वारा धरूनच तपासलेले असावेत.

जिबवर प्रकल्पाच्या नावाचा फ्लेक्स किंवा मोठा झेंडा लावला तर चालेल?

नाही. जाळीदार जिबमधून वारा आरपार जातो, फ्लेक्स लावला की जात नाही, आणि क्रेन मोकळी फिरेनाशी होते. उत्पादकाने लेखी दिलेल्या मापाच्या बाहेरचं काहीही लावू नका, मग ती सणासुदीची रोषणाई का असेना.

विजा चमकत असतील आणि वारा कमी असेल तर काम सुरू ठेवावं का?

नको. बूम परिसरातली सगळ्यात उंच लोखंडी वस्तू असते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतं. इशारा आला की माल खाली, माणसं क्रेनपासून दूर.

वादळ गेलं. लगेच सुरू करू का?

वारा पडल्यावर निदान वीसेक मिनिटं मीटर बघत राहा, दुसरा लोट येऊ शकतो. मग क्रेनभोवती एक फेरी मारा. आउटरिगरखालची माती पावसाने खचली आहे का, ठोकळे सरकले आहेत का, दोर ड्रमवर नीट बसला आहे का, पुलीतून सुटला आहे का, टॉवरचे बोल्ट आणि टाय जागेवर आहेत का, लिमिट स्विच चालतात का. वारा क्रेनच्या बंद अवस्थेतल्या मर्यादेच्या जवळ गेला असेल तर सक्षम व्यक्तीकडून तपासणी झाल्याशिवाय हुक हलवू नका. स्लॅबवर सुटे पडलेले पत्रे आणि प्लाय आधी गोळा करून बांधा. पहिला माल हलका पण आटोपशीर घ्या, सळईचा छोटा बंडल चालेल, आणि तो जमिनीपासून फूटभर उचलून ब्रेक धरतो का ते पाहून मगच वर न्या.